‘ढ’, ‘गुन्हेगार’, ‘झपाटलेला’ : आपल्या पोरांच्या निदानाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास



आधी एका पोराची गोष्ट सांगते. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात, एका वस्तीतल्या बुद्धविहारात मी अभ्यासिका चालवते. हा पोरगा तिथलाच. त्याचं नाव, गाव काही सांगणार नाही, कारण त्याच्या नावाला आजवर पुरेसे शिक्के लागले आहेत.

तिसरीत गेला तरी त्याला वाचता येईना. गुरुजींनी त्याला ‘ढ’ ठरवून शेवटच्या रांगेत बसवलं. आजीला वाटलं, कुणीतरी काही केलंय. ती त्याला अमावस्येला देवऋषीकडे न्यायला लागली. पाचवीत एका दवाखान्यात एका सकाळी एकच चाचणी झाली आणि ‘मतिमंद’ असा कागद हातात आला. त्यानंतर शाळेने त्याला शिकवायचंच सोडून दिलं.

तेराव्या वर्षी तो माझ्याकडे आला. मी समाजशास्त्रात एम.ए. केलेली, चळवळीत वाढलेली. मी त्याच्या आईला ठासून सांगितलं, “पोरगं हुशार आहे. शाळा जातीयवादी आहे. दवाखान्याचे कागद फाडून टाका.” आईने माझं ऐकलं. पुढचं वर्षभर मी त्याला जीव तोडून शिकवलं. तो वाचायला शिकला नाही. उलट बोलायचाच बंद झाला, जेवण सोडलं. एका संध्याकाळी आई विहाराच्या पायरीवर बसून म्हणाली, “ताई, शाळा वाईट आसंल. पर मग ह्यो घरात बी का बोलंना झालाय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घाई केली नाही. तीन वेळा बोलावलं, कान तपासले, आईकडून जन्मापासूनची हकीकत विचारून घेतली, वह्या पाहिल्या. शेवटी जे निघालं ते एक नव्हतं, चार होतं. लहानपणापासून कान फुटत असल्यामुळे एका कानाने कमी ऐकू येत होतं. वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता होती. लक्ष टिकवण्याची अडचण होती. आणि या सगळ्यावर वर्षानुवर्षांच्या अपमानातून साचलेलं नैराश्य होतं. बुद्धी त्याच्या वयाच्या इतर पोरांसारखीच होती.

म्हणजे या पोराला चार शिक्के लागले आणि चारही चुकले. ढ, झपाटलेला, मतिमंद हे तीन इतरांचे. ‘याला काही झालेलं नाही, हा फक्त जातीचा बळी आहे’ हा चौथा शिक्का माझा. त्याचं एक वर्ष मी वाया घालवलं. म्हणून हा लेख मी कुणाकडे बोट दाखवायला लिहीत नाही. हे शिक्के आले कुठून, याचा इतिहास आपल्याच मातीत शोधायला लिहिते आहे.

साताऱ्याचं गोणपाट

सातारा आणि सांगली हे तेव्हा एकच. जुन्या सातारा जिल्ह्यातून १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. याच जिल्ह्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी नऊ वर्षांचा भिवा रामजी आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीत दाखल झाला. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. आपण फुलं वाहतो, फोटो काढतो. पण त्या वर्गात बसलेल्या पोराकडे जरा नीट पाहू.

आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या होत्या. वडील नोकरीसाठी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला. वर्गात या पोराची जागा वेगळी, बसायला घरून आणलेलं गोणपाट, आणि ते रोज परत घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपाई असेल तर पाणी, नसेल तर नाही. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे.

आता आजच्या शाळेतला वर्तनाच्या निरीक्षणाचा तक्ता डोळ्यांपुढे आणा. ‘इतर मुलांत मिसळतो का? शिक्षकांकडे गरज मागतो का? वर्गात जागेवर स्वस्थ असतो का?’ १९०१ साली कुणी हा तक्ता भरला असता, तर सगळ्या खुणा पोराच्या नावावर पडल्या असत्या. वर्गाच्या नावावर एकही पडली नसती. निदानाच्या इतिहासातली पहिली गोष्ट आपण इथे शिकायची : तक्ता पोराला मोजतो, गोणपाटाला मोजत नाही.

इथे एक सावधगिरीही सांगते. हल्ली मोबाइलवर थोर माणसांना मागे जाऊन निदानं लावायची टूम निघाली आहे. अमुक स्वमग्न होता, तमुक अतिचंचल होता. बाबासाहेबांना, अण्णाभाऊंना असं काहीही चिकटवायचा आपल्याला अधिकार नाही. मेलेल्या माणसाची तपासणी होत नसते. मी बोलते आहे ते त्यांच्या भोवतालच्या व्यवस्थेच्या निदानाबद्दल.

जन्मतःच लागलेलं निदान

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णाभाऊ साठे जन्मले. त्यांची शाळा दीड दिवसाची. अपमान आणि मार यामुळे ती सुटली, असं त्यांच्या चरित्रांत येतं. त्या शाळेच्या हिशेबात हा पोरगा ‘न शिकणारा’च. पुढे मुंबईत पाट्या आणि पोस्टरं वाचत त्यांनी अक्षरं पक्की केली असं सांगतात, आणि मग तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतली ‘फकिरा’ १९५९ ची, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. मांगवाड्यातल्या माणसांवर लादलेली सरकारी हजेरी काय असते, ते त्या कादंबरीत आहे.

या हजेरीमागे कायदा होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेत आला आणि १९११ च्या दुरुस्त कायद्याने मुंबई इलाख्यालाही लागू झाला. या कायद्यात आपल्या विषयाच्या दृष्टीने एक भयंकर कलम होतं : अशा जमातींच्या मुलांना आईबापांपासून तोडून औद्योगिक, शेती किंवा सुधारशाळेत ठेवायचा अधिकार सरकारला होता. पोराने काय केलं, हे पाहायची गरजच नव्हती. कुठल्या घरात जन्मलं एवढंच पुरेसं होतं.

३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला आणि जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण शिक्षकांच्या खोलीतली भाषा विमुक्त झाली का? पारध्याचं पोर वर्गात उठून पळालं तर ‘यांची जातच तशी’. सुखवस्तू घरातलं पोर तसंच उठून पळालं तर ‘त्याला जरा लक्षाचा प्रॉब्लेम आहे, डॉक्टरांना दाखवलंय’. वागणं एकच. एकाला दवाखाना मिळतो आणि दुसऱ्याला संशय. जात अशी तपासणीच्या आधीच निदान करून मोकळी होते.

मोजपट्टी कुणाची?

१९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी बुद्धिमापनाची चाचणी तयार केली. उद्देश साधा होता : कोणत्या मुलांना शाळेत जादा मदत लागेल ते ओळखायचं. बुद्धी म्हणजे जन्मतः ठरलेली, न बदलणारी वस्तू, असं बिने मानत नव्हते. पण ही पट्टी अमेरिकेत गेली आणि तिचा उपयोग उलटा झाला. ‘मंदबुद्धी’ ठरवून माणसांना संस्थांत कोंडलं, त्यांची सक्तीने नसबंदी केली. १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा नसबंदीला मान्यताही दिली.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये होते. उच्च-नीच रक्ताचा हा सिद्धांत तेव्हा तिथे जोरात होता. भारतातही जातिव्यवस्थेला ‘वंश शुद्ध ठेवणारं शास्त्र’ म्हणणारे होतेच. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त बाबासाहेबांनी हा दावा मुळापासून खोडून काढला. जन्मावरून कुवत ठरवणाऱ्या प्रत्येक विद्येकडे संशयाने पाहायचं, हा धडा त्यांनीच आपल्याला दिला.

बिनेची पट्टी आपल्याकडेही आली. १९३० च्या दशकात धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी तिचं रूपांतर केलं. तीच ‘बिने-कामत चाचणी’. परकी पट्टी जशीच्या तशी न वापरता इथल्या भाषेत बसवणं हे त्या काळी मोठंच काम होतं. पण गंमत बघा, ही चाचणी जवळपास नव्वद वर्षांनंतरही आपल्या दवाखान्यांत वापरली जाते. तिची मूळ मानकं त्या काळच्या मुलांवरची. त्या काळच्या शाळेत आपली किती मुलं होती? आणि जी होती ती गोणपाटावर होती की बाकावर?

चाचणी बऱ्याच अंशी तोंडी असते. प्रश्न प्रमाण मराठीत. जतकडची कानडीमिश्रित बोली बोलणारं, नाहीतर घरात वेगळीच भाषा बोलणारं कैकाडी, पारधी समाजाचं पोर अनोळखी माणसासमोर, अनोळखी खोलीत, अनोळखी भाषेत किती बोलेल? त्याचं गप्प बसणं शून्य गुण म्हणून नोंदवलं जातं. वर कान फुटलेला असेल तर प्रश्न ऐकूच येत नाही.

आणि या आकड्यावर पुढची दारं अवलंबून असतात. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी अध्ययन अक्षमतेच्या तपासणीचा क्रम ठरवला : आधी डोळे-कान, मग बुद्ध्यांक, आणि बुद्ध्यांक ८५ च्या वर आला तरच वाचन-लेखनाची खास चाचणी. म्हणजे बोलीमुळे, भीतीमुळे ज्याचा आकडा ८० आला, ते पोर अध्ययन अक्षमतेच्या दारातूनही बाहेर आणि बौद्धिक अक्षमतेच्या दारातूनही बाहेर. मधल्या बोळात उभं.

एका पोराला एकच आजार?

आता या विषयाचा गाभा. आपल्याला वाटतं, निदान म्हणजे एक नाव. ताप आला, मलेरिया निघाला, संपलं. पोरांच्या मनाचं आणि मेंदूच्या वाढीचं तसं नसतं. अतिचंचलता असलेल्या बऱ्याच मुलांना अध्ययन अक्षमताही असते. स्वमग्नता असलेल्यांत चिंतेचा त्रास, झोपेच्या तक्रारी, फिट्स बरेचदा आढळतात. आणि यांपैकी काहीही वेळेवर ओळखलं गेलं नाही, तर मार आणि टोमणे खाऊन खाऊन त्यावर नैराश्य चढतं.

उलटही होतं. बाहेरून सारखं दिसणारं वागणं आतून वेगळं असतं. पोराचं वर्गात लक्ष नाही. याची कारणं किती असू शकतात बघा : लक्ष टिकवण्याची जन्मजात अडचण, कमी ऐकू येणं, चष्म्याची गरज, काही सेकंद भान हरपणाऱ्या बारीक फिट्स, रक्त कमी असणं, थायरॉइड, अपुरी झोप, घरातली मारहाण, लैंगिक अत्याचाराची दहशत, चिंता, नैराश्य. आणि वर्गात जातीवरून होणारा छळसुद्धा. यांतली दोन-तीन एकाच वेळी असू शकतात. मुलींचं तर आणखीच अवघड. मुलगी दंगा करत नाही, खिडकीबाहेर बघत गप्प बसते. तिला कुणी दवाखान्यात नेत नाही, ‘शांत आहे’ म्हणतात आणि दहावी नापास झाली की लग्न लावून देतात.

गंमत म्हणजे जगातल्या तज्ज्ञांनाही हे उशिरा कळलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांची ‘डीएसएम’ नावाची निदानसूची जगभर वापरतात. तिच्या १९९४ च्या आवृत्तीच्या नियमांनुसार स्वमग्नतेचं निदान झालेल्या मुलाला अतिचंचलतेचं वेगळं निदान देता येत नव्हतं. २०१३ च्या आवृत्तीने ही अट काढली. म्हणजे जी मुलं दोन्ही घेऊन जगत होती, त्यांना पुस्तकाने जवळपास वीस वर्षं अर्धंच पाहिलं.

१९८२ मध्ये अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवली. एखाद्याला ‘मतिमंद’ हा शिक्का आधीच लागलेला असेल, तर त्याची भीती, त्याचं दुःख, त्याचा मनोविकार हे सगळं डॉक्टरही त्या शिक्क्याच्या खात्यावर टाकतात. मोठ्या शिक्क्याच्या सावलीत बाकीचं दिसेनासं होतं. हे वाचलं तेव्हा मला आपलं सगळं आठवलं. आपल्याकडे सगळ्यात मोठी सावली कुणाची? ‘यांच्या घरात शिक्षणच नाही’, ‘बाप दारुडा असणार’, ‘ऊसतोडीवर जातात, पोरं अशीच राहणार’. जातीची आणि गरिबीची सावली पडली की पोराचा कान, डोळा, मेंदू, मन यांतलं काहीच तपासलं जात नाही.

प्रतीत्यसमुत्पाद आपण विहारात शिकतो. कारणाशिवाय काही घडत नाही, आणि अनेक कारणं एकत्र येऊन एक गोष्ट घडते. पोराच्या बाबतीत मात्र आपण एकाच कारणावर थांबतो.

देवऋषी आणि दवाखाना यांच्यातलं अंतर

राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं : ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. साताऱ्यात नाही, सांगलीत नाही. मिरजेला १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण माण, खटाव, जतच्या वस्तीवरून मजुरी बुडवून, पोराला घेऊन, तीन-तीन वेळा मोठ्या गावाला जाणं म्हणजे काय, हे ज्याची रोजी बुडते त्यालाच ठाऊक. देवऋषी मात्र गावातच असतो. तो आईचं म्हणणं तासभर ऐकून घेतो. दवाखान्यात पाच मिनिटं मिळतात. लोक देवऋषीकडे जातात ते फक्त अडाणीपणामुळे नाही, हे आपण कबूल केलं पाहिजे.

पण त्याची किंमत पोरं मोजतात. साखळीने बांधणं, चटके, मिरचीची धुरी. हे थांबावं म्हणून साताऱ्याच्याच एका डॉक्टरने आयुष्य घातलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणं हा गुन्हा आहे. मतिमंद व्यक्तीत दैवी शक्ती आहे असं भासवून तिचा धंदा करणं हासुद्धा गुन्हा आहे. आपल्या किती कार्यकर्त्यांना हे दुसरं कलम माहीत आहे? आपण बुवाबाजीविरुद्ध भाषण देतो, पण अंगारा सोडलेल्या आईला पुढे कुठे जायचं ते सांगत नाही. अंगारा काढून घेतला तर त्या जागी डॉक्टरांच्या भेटीची तारीख द्यावी लागते.

फलटणचा धडा

सातारा जिल्ह्याने याचं उत्तरही दिलेलं आहे. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या भाषाशास्त्रज्ञ बाई १९६० च्या दशकात फलटणला आल्या. लोकांच्या बोलीतले सामाजिक भेद हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय. पुढे त्या भारताच्या नागरिक झाल्या. फलटणमधल्या दलित वस्तीतली मुलं शाळेत जातात पण त्यांना वाचता येत नाही, हे पाहून त्यांनी वस्तीतच वर्ग सुरू केले. त्यातून १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि नंतर कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा उभी राहिली.

बाईंनी त्या मुलांना ‘ढ’ म्हटलं नाही. शिकवण्याच्या पद्धतीत खोट शोधली, मुलांच्या बोलण्यातले, ओळखीचे शब्द घेऊन वाचनाची पायरी बांधली. यातला मुद्दा निदानालाही लागू पडतो. पोराला धड शिकवलंच नसेल तर ते वाचत नाही याला अक्षमता कसं म्हणणार? आधी नीट शिकवा. नीट शिकवूनही जे पोर अडतं, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळतं, उच्चारात नंतर येणारी पण आधी लिहायची ऱ्हस्व वेलांटी ज्याला जमत नाही, जोडाक्षर आलं की थांबतं, त्याची तपासणी करा. चांगली शाळा हीच निदानाची पहिली पायरी आहे.

आणि त्या शाळेला ज्यांचं नाव आहे त्या कमलाबाई निंबकर कोण? १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं भारतातलं पहिलं प्रशिक्षण सुरू करणाऱ्या. आज स्वमग्न, अतिचंचल मुलांसाठी शहरांत तासाला शेकड्यांनी रुपये मोजून घेतला जातो तोच हा उपचार. तो या देशात रुजवणाऱ्या बाईंचं नाव फलटणच्या शाळेवर आहे, आणि फलटणपासून पन्नास-साठ किलोमीटरवरच्या वस्तीत हा शब्दही पोचलेला नाही.

कॅलिफोर्नियाची चूक आपण करायची नाही

इथे आपले काही कार्यकर्ते म्हणतील, ‘ही सगळी निदानं म्हणजे आपल्या पोरांना बाजूला काढायचा डाव आहे.’ मीही हेच म्हणत होते. त्यांच्यासाठी एक खटला सांगते.

ज्या काळ्या पँथर्सवरून आपल्या दलित पँथरने नाव घेतलं, त्यांच्याच कॅलिफोर्नियात १९७१ मध्ये काळ्या पालकांनी खटला भरला. राज्यातल्या शाळांत काळी मुलं सुमारे ९ टक्के, पण ‘मतिमंद’ वर्गांत ती २७ टक्के. काळ्या मानसशास्त्रज्ञांनी याच मुलांची पुन्हा चाचणी घेतली. आधी त्यांच्याशी गप्पा मारल्या, प्रश्न त्यांच्या भाषेत विचारले. मुलं ‘मतिमंद’ या मर्यादेच्या वर आली. १९७९ मध्ये न्यायाधीश पेकहॅम यांनी निकाल दिला की काळ्या मुलांना अशा वर्गांत टाकण्यासाठी बुद्ध्यांक चाचणी वापरता येणार नाही. मोठा विजय होता तो.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९८६ मध्ये ही बंदी वाढवून काळ्या मुलांना विशेष शिक्षणाच्या कोणत्याही कामासाठी ही चाचणी द्यायचीच नाही असं ठरलं. मग वेगळेच काळे पालक न्यायालयात आले. त्यांचं म्हणणं : आमच्या पोराला खरोखर शिकण्यात अडचण आहे, गोऱ्या मुलाला मिळते ती तपासणी आमच्या पोराला त्याच्या वर्णामुळे नाकारली जाते. पुढे त्याच न्यायाधीशांनी ही वाढीव बंदी मागे घेतली आणि १९९४ मध्ये वरच्या न्यायालयाने ते कायम ठेवलं.

दोन्ही पालक बरोबर होते. चुकीचं निदान हा अन्याय आहे. निदान नाकारणं हाही अन्याय आहे. आईने विहाराच्या पायरीवर मला विचारलेला प्रश्न या दुसऱ्या पालकांचाच होता.

कायदा काय देतो, काय देत नाही

महाराष्ट्राने १९९६ मध्ये, देशात सर्वांत आधी, अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. जादा वेळ, लेखनिक वगैरे. चांगलं पाऊल. पण प्रमाणपत्राची सोय सुरुवातीला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत. म्हणजे सवलत राज्याची आणि फायदा दादर-पार्ल्याचा. आजही तुमच्या तालुक्यात ही सवलत घेणारी मुलं कोणत्या शाळांतली आहेत, हे एकदा विचारून बघा.

१९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते. त्यांत स्वमग्नताही नव्हती आणि अध्ययन अक्षमताही नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले आणि या दोन्ही आत आल्या. मनोविकार आहे, एकापेक्षा जास्त अक्षमता हाही प्रकार आहे. कलम १६ सांगतं की शाळेने अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून शिकवण्यात योग्य ते बदल करायचे. कलम १७ नुसार दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचं सर्वेक्षण करायचं. याआधी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, आपल्याच राज्यातल्या पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या यादीत ऐकू न येण्यापासून स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, अतिचंचलतेपर्यंत सगळं आहे.

त्रुटीही आहेत. एकवीस प्रकारांत अतिचंचलता नाही. फक्त तेवढीच अडचण असलेल्या पोराला दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. बरेच लाभ ४० टक्क्यांच्या अटीवर अडतात. थोड्याथोड्या चार अडचणी घेऊन जगणाऱ्या पोराची एकूण अडचण मोठी असते, पण कागदावर ती कमी भरते. शिवाय २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला, पण ज्या १२ राज्यांत ते झालं त्यांत महाराष्ट्र नव्हता. आपली पोरं त्या आकड्यातही नाहीत.

आपण काय करायचं

मी डॉक्टर नाही. निदान करणं माझं काम नाही आणि तुमचंही नाही. मोबाइलवरची दहा प्रश्नांची यादी भरून कुणालाही काही ठरवू नका. आपलं काम पोराला पूर्ण तपासणी मिळवून देण्याचं आहे. अनुभवातून चार गोष्टी सांगते.

एक, वही घाला. अभ्यासिकेत जे पोर अडतं त्याची दोन महिने नोंद ठेवा : काय वाचता येतं, कुठे चुकतं, झोप, जेवण, कान फुटतो का, मध्येच भान जातं का, शाळेत कुणी काय बोललं. ऊसतोडीला, गलाईच्या कामाला स्थलांतर करणाऱ्या घरांत पोराची हकीकत शाळेपाठोपाठ विखुरते. ही वही ती एकत्र ठेवते आणि डॉक्टरांची दहा मिनिटं वाचवते.

दोन, आधी कान आणि डोळे तपासून घ्या. मगच बुद्ध्यांक.

तीन, चाचणीच्या दिवशी आईबरोबर जा. पोराची घरची भाषा कोणती ते नम्रपणे पण ठामपणे सांगा आणि अहवालात लिहून मागा. शेवटी विचारा, “डॉक्टर, याशिवाय आणखी काही असू शकतं का?” हा एक प्रश्न मी विचारला असता तर एक वर्ष वाचलं असतं. आणि पोर मरणाची भाषा बोलत असेल तर वही, सर्वेक्षण सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विहाराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

चार, निदान आलं म्हणून वर्गातल्या छळाची तक्रार सोडू नका, आणि छळ होतोय म्हणून निदान टाळू नका. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घालतं. दोन्ही लढाया एकाच पोराच्या आहेत.

ज्याची गोष्ट सुरुवातीला सांगितली तो आता कानाचं यंत्र लावतो. नैराश्यावर उपचार चालू आहेत. वाचन अजून सावकाश आहे. मागच्या आठवड्यात त्याने विहाराच्या फळ्यावरचा सुविचार वाचायला घेतला, जोडाक्षरावर अडला, थांबला, पुन्हा वाचला. आम्ही कुणी मध्ये बोललो नाही.

येत्या ७ नोव्हेंबरला भाषण जरा कमी करू. त्या दिवशी आपापल्या वस्तीतल्या शेवटच्या रांगेतल्या एका पोराची वही सुरू करू.

जय भीम! नमो बुद्धाय!